पेन न उचलता

जिन्यात चिकाचा वास आला की मला कापरं भरतं. लोकांना या वासानं माहेर आठवतं, उन्हाळ्याची सुट्टी आठवते, आणि मी मेली कठडा धरून उभी. कुरडयांसाठी गहू भिजत घातले, आंबले, की जो एक आंबूस, कोंदट वास सुटतो ना, तो. उन्हं तापायला लागली की नाशिकच्या निम्म्या जिन्यांत तो असतोच. परवा शाळेतून येताना आमच्या बिल्डिंगमध्ये तो अचानक नाकात शिरला. मागून येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय हो मॅडम, चक्कर आली का? ऊन केवढं आहे!" मी म्हटलं, "हो ना, ऊनच." उन्हाचं एक बरं असतं, त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

मी चित्रकला शिकवते. परीक्षा संपल्या की मुलांना वर्गात डांबून ठेवायचं काम चित्रकलेच्या बाईंकडे येतं, हे सगळ्या शाळांना माहीत आहे. त्या उरल्यासुरल्या दिवसांत मी मुलांना एका रेघेचं चित्र काढायला लावते. समोर बसलेल्याकडे बघायचं, त्याच्या कानापासून सुरुवात करायची आणि पेन न उचलता सगळा माणूस कागदावर उतरवायचा. कागदाकडे बघायचं नाही. नजर कडेकडेनं मुंगीसारखी सरकवायची आणि ती जाईल तसा हात न्यायचा. मुलं खिदळतात. कुणाचा डोळा हनुवटीखाली जातो, कुणाचं नाक गालाबाहेर लोंबतं. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण संपवायचं कुठं?" मी एकदम खेकसले तिच्यावर, "संपवायची घाई कशाला गं तुला?" बिचारी घाबरली. तिचं काय चुकलं होतं? काही नाही.

मला हे आमच्या सरांनी शिकवलं. मी तेव्हा कलाशिक्षकाच्या पदविकेला पहिल्या वर्षाला होते, आणि आम्ही नाशिक रोडला कॉलनीतल्या तीन मजली बिल्डिंगमध्ये अगदी वरच्या मजल्यावर राहत होतो. सर बारीक अंगाचे, सतत वैतागलेले. म्हणायचे, "ज्याला बघताय त्याला बघा ना! कागद काय पळून जातोय?" उन्हाळ्यासाठी त्यांनी घरचा अभ्यास दिला. घरातला एकच माणूस धरायचा आणि रोज त्याला एका रेघेत काढायचं. "कंटाळा येईपर्यंत काढा. कंटाळा आला की मग खरं दिसायला लागतं," असं म्हणाले. बाकीच्या पोरींनी आपापल्या आज्या धरल्या, कारण आज्या हलत नाहीत. माझ्या घरात न हलणारा माणूस माझा भाऊ होता.

दादा पुण्याहून परत आला होता. स्पर्धा परीक्षांसाठी गेला तेव्हा स्टेशनवर अर्धी कॉलनी सोडायला आलेली, येताना रिक्षातून एकटा उतरला. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले, ते त्यानं दिवाणाखाली सरकवले आणि दिवाणावर बसला. बसला तो बसलाच. दर वर्षी थोडक्यात जायचं, त्या वर्षीही थोडक्यातच गेलं, पण आता वयही गेलं होतं. अण्णा म्हणजे आमचे वडील, सरकारी कचेरीतले कारकून. त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, की पोरगा साहेब होणार.  दादा परत आल्यापासून ते ऑफिसातून आल्यावर शर्ट काढताना जास्त वेळ लावायला लागले.

एकदा दादा न सांगता दिवसभर कुठंतरी गेला. संध्याकाळी आला, पायांवर धूळ, ओठ सुकलेले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा तो एक वाक्य बोलला. ते वाक्य आईनं आमच्या घरात पुन्हा कुणालाही उच्चारू दिलं नाही. अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे तिचं ठाम मत. साधं "मरू दे ते" म्हटलं तरी ती हात जोडून भिंतींची माफी मागायची. अण्णांनी दुसऱ्या दिवशी दादाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू करू, याला एकटं सोडू नका, आणि याच्याशी मोकळेपणानं बोला, काय वाटतंय ते सरळ विचारा. गोळ्या आम्ही दिल्या. एकटं सोडलं नाही. तिसरं मात्र आमच्या घराला जमण्यासारखं नव्हतं.

मग सुरू झाला पहारा. बाई गं, काय तो पहारा! अण्णा दिवाणासमोर खुर्ची टाकून पेपर वाचायचे, तेच पान सकाळपासून दुपारपर्यंत. आई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची. निवडलेले तांदूळ पुन्हा डब्यात, पुन्हा सुपात. शेवटी त्या तांदळांनाच लाज वाटली असेल. सुरी कुठं लपवली ते तिलाही आठवेना, भाज्या हातानं मोडून करायला लागलो. दादा बाथरूमला गेला की आई बाहेरून विचारायची, "साबण आहे ना रे?" तो आतून काही बोलला नाही की तिचा चेहरा पांढराफटक. आणि गच्चीच्या दाराला कुलूप. आमच्याच दारासमोरून वर जिना जायचा. किल्ली आईच्या पदराच्या गाठीत.

दादाला कळत नव्हतं थोडंच? एका दुपारी तो ओरडला, "मी काय चोर आहे का? काय बघता सारखे? जा ना कामाला!" अण्णा पेपरची घडी घालून आत गेले. आई सूप तिथंच टाकून रडायला लागली. कुणीतरी बसायला तर पाहिजे होतं. मी काळं पेन आणि कागद घेतले आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घातली. म्हटलं, "मला अभ्यास आहे. सर मारतील. हलू नकोस." तो म्हणाला, "दुसरं कुणी नाही का?" मी म्हटलं, "आई दोन मिनिटं एका जागी बसते का? आणि अण्णांचं पोट एका कागदावर मावायचं नाही." तो हसला नाही. पण उठूनही गेला नाही.

अशी सुरुवात झाली. कानापासून निघायचं, जबड्यावरून हनुवटीवर, तिथून ओठांवर चढायचं. पेन उचलायचं नाही, त्यामुळे एका डोळ्यातून दुसऱ्यात जायला नाकावरूनच जावं लागतं, जाताना वाटेत लागेल ते सगळं बघावं लागतं. मी बघितलं. शर्टाचं बटण चुकीच्या काजात. बोटाला लिहून लिहून पडलेला घट्टा. कुरतडलेली नखं. गळ्याच्या घाटीपाशी कातडी उडायची, ती दिसली की मला बरं वाटायचं, मग मी तिथंच रेंगाळायचे. एवढ्या जवळून मी माझ्या भावाला आयुष्यात बघितलं नव्हतं. कुणी बघतं का? आपण घरातली माणसं ताटात वाढताना बघतो, तेवढीच.

सरांना वाटलं असतं, पोरगी मन लावून शिकतेय. कसलं मन आणि कसलं काय! मला एकच भीती, की चित्र पुरं होईल. पुरं झालं की उठावं लागणार. म्हणून मी रेघ पुरी होऊच द्यायचे नाही. कॉलरवरून पुन्हा कानाकडे, कानातून पुन्हा केसांत, एकेका बटणाभोवती तीन-तीन चकरा. कागद काळा व्हायचा, त्यात माणूस सापडायचा नाही. दादा म्हणायचा, "वंदे, संपत कसं नाही तुझं?" मी म्हणायचे, "तूच अवघड आहेस." पाय बधिर व्हायचे, पाठ धरायची, डोळ्यांत पाणी यायचं ते मी न पुसता बघत राहायचे, कारण पुसायला हात लावला तर तेवढ्यात काही होईल असं वाटायचं. काय होणार होतं तेवढ्यात? पण वाटायचं. वेड लागायचं बाकी होतं.

एकदा त्यानं हात पुढं करून कागद मागितला. मी दिला. डोळा गालाखाली गेलेला, तोंड उघडं राहिलेलं, मानेचा पत्ता नाही. मला वाटलं, चिडवेल. लहानपणी माझ्या चित्रातल्या गाईला तो घोरपड म्हणायचा. तो कागदाकडे बघत शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे. असाच झालोय मी."  त्याच क्षणी विचारायला हवं होतं असं आज कुणीही म्हणेल. मी म्हटलं, "जरा उजेडाकडे तोंड कर."

त्यातच विंचूरच्या मामांनी गव्हाचं पोतं पाठवलं. ते दर वर्षी पाठवायचे, आणि त्या बदल्यात आई त्यांना कुरडयांचा डबा पाठवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं पान वाढायचं, त्यावर कुरडई नाही म्हणजे आमच्याकडे पानच नाही. कॉलनीतल्या सगळ्या गच्च्यांवर वाळवणं पडली, आमचं पोतं स्वयंपाकघरात तसंच. समोरच्या जाधव काकू रोज डोकवायच्या. "यंदा काय हो, कुरडया नाहीत? गच्चीला कुलूप कसलं लावून ठेवलंय?" आई म्हणायची, "माकडं येतात." नाशिक रोडला कुठली आलीत माकडं! काकूंची नजर दिवाणाकडे जायची. लोकांना कळलं तर दादाचं लग्न, दादाची नोकरी, दादाचं सगळंच बुडालं, असं आईच्या मनानं घेतलं. त्या भीतीपोटी तिनं शेवटी गहू भिजवले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अगं, गच्ची उघडावी लागेल!" ती म्हणाली, "पटकन घालू आणि लावून टाकू कुलूप. तू नजर ठेव."

कुरडयांच्या दिवशी घरात चुलीपेक्षा बायकाच जास्त तापतात. उजाडता उजाडता चीक शिजवायला घेतला. तो हाटायचा थांबवला की संपलं, गुठळ्या होतात, म्हणून आईचा हात चालूच. सोऱ्या कुठाय, हिंग कुठाय, मीठ घातलं का नाही, सगळा कल्ला. अण्णा खाली गॅसची दुसरी टाकी आणायला गेलेले. मी आतल्या कोपऱ्यात पातेल्याच्या तळाचा कच्चा चीक हातानं खरवडत होते, मनगटापर्यंत पांढरी झालेली. दर थोड्या वेळानं मान वळवून दिवाण बघत होते. मदतीला आलेल्या जाधव काकू म्हणाल्या, "वहिनी, वर कागद अंथरून आले हं मी. तुमच्या पदराची किल्ली मघाशी सोडवून घेतली होती ना. दार उघडंच ठेवलंय, आता भांडंच न्यायचं."

आईचा हात थांबला. मी दिवाणाकडे बघितलं. दिवाण रिकामा होता.

मी जिना कशी चढले ते मला आठवत नाही. वर निळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, चार कोपऱ्यांना विटा, आणि पलीकडे दादा, माझ्याकडे पाठ करून, कठड्याला टेकून उभा. सकाळचं ऊन त्याच्या मानेवर. हाक मारावी तर दचकेल. धावावं तर अंतर होतं. मला काहीच सुचेना. देवाचं नावसुद्धा सुचेना. मग तोंडातून निघालं ते असं निघालं, "दादा, हलू नकोस. चित्र काढतेय."

हातात ना पेन ना कागद. मी खाली बसले आणि त्या निळ्या प्लास्टिकवर चिकाचं बोट टेकवलं. नजर त्याच्यावर. कानापासून सुरुवात केली, मानेवरून खांद्यावर आले.  तो हलला नाही. नुसता म्हणाला, "पाठीचं काय काढतेस?" मी म्हटलं, "सरांनी पाठ पण सांगितलीय." कसलं काय, कुठल्या सरांनी? खांद्यावरून दंडाकडे, कोपराकडे. बोट वाळलं की हातावरचा चीक खाली ओघळू द्यायचा आणि तोच पुढं ओढायचा. मी मोठमोठ्यानं सांगत राहिले. आता कोपर झालं. आता मनगटाशी आले. आता मला हात दिसत नाही रे, कठड्याच्या पलीकडे आहे तुझा, दाखव ना. दादा, हात दाखव. अर्धवट राहील माझं. पाया पडते तुझ्या, हात दाखव.

तो किती वेळ तसाच होता देव जाणे. मग वळला. माझा अवतार बघितला असेल, केस विस्कटलेले, नाकातून पाणी, हात पांढरे. तो आला, कागदाच्या पलीकडे उकिडवा बसला आणि पंजा उघडून माझ्यासमोर धरला. मी तो काढला. पाचही बोटं काढली. आई वर आली ती दारातच थबकली. आम्हाला बघितलं आणि तोंडात पदर कोंबला. मागून चिकाचं भांडं आणि सोऱ्या घेऊन जाधव काकू आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! एवढी मोठी घोडी झाली तरी चिकात खेळते!" आई तिथं बसली, सोऱ्यात गरम चीक भरला आणि माझ्या रेघेच्या बाजूनं कुरडया घालायला लागली. तिचे हात इतके कापत होते की एकही कुरडई गोल झाली नाही. दुपारपर्यंत सगळं कडकडीत वाळलं. माझी रेघ पापुद्रे सुटून वाऱ्यावर गेली. त्या वर्षी मामांकडे गेलेल्या डब्यात वेड्यावाकड्या कुरडया होत्या, आणि मामींनी फोन करून विचारलं, की हात दुखत होता का वन्सं तुमचा.

दादा तिथं कशाला गेला होता, ते मला आजही माहीत नाही. वारा खायला गेला असेल. नसेलही. आम्ही विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. गोळ्या चालू राहिल्या, पुढं कधीतरी बंद झाल्या. सिन्नरच्या एका कंपनीत स्टोअरला लागला, शर्टाची बटणं नीट लागायला लागली, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की ते झालं ते झालं. अण्णा गेले. माझं लग्न झालं, मी शहरात इंदिरानगरला आले. पण वाळवणं दिसायला लागली की मी त्याला काहीतरी निमित्त काढून फोन करते. गाडीचं सर्व्हिसिंग केलंस का? पुदिना मिळतो का तिकडे? तो तेवढ्यास तेवढं उत्तर देतो. माझा नवरा म्हणतो, "तुमच्या घरात पुदिन्यावर एवढं बोलतात, बाकीचं कधी बोलता?" मी त्याला म्हणते, "तू गप."

यंदा कंपनीनं माणसं कमी केली. त्यात दादाची नोकरी गेली. हे मला त्यानं नाही, आईनं सांगितलं, तेही आठवड्यानंतर. आणि परवा, तो जिन्यातला वास डोक्यात घेऊनच मी घरात शिरले, तर तिचा फोन. "काही नाही गं, सहजच केला. दादा दिवाणावर बसलाय. काल जेवला नाही. मी तांदूळ निवडतेय." सहजच म्हणे! मी पर्स उचलली आणि तशीच नाशिक रोडला निघाले. रिक्षावाला द्वारकेच्या सिग्नलला थांबला तेव्हा त्याच्या अंगावर ओरडले, चल ना बाबा, चल ना. सिग्नल लाल होता, त्याचा काय दोष?

दादा खरंच तिथंच होता. केस पांढरे झालेत त्याचे. दाढी वाढलेली. मी समोर फरशीवर बसले. गुडघे आता मुडपत नाहीत, भिंतीला टेकून बसावं लागलं. पर्समध्ये पेन होतं, शाळेचे कोरे कागदही होते. हात सवयीनं तिकडे गेला. दादानं ते बघितलं आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "काढ. कसं बसू?"

त्या "कसं बसू"नं माझं काळीज फाटलं. इतकी वर्षं हा माणूस आमच्यासाठी बसत होता. आम्ही त्याला डोळ्यांत तेल घालून बघत होतो आणि तो आम्हाला बघू देत होता, आणि मध्ये एक शब्द नाही. मला आमच्या सगळ्यांचाच संताप आला. पर्स मी लांब सरकवली.

"दादा," मी म्हटलं, "मरावंसं वाटतंय का तुला?"

आतलं सूप थांबलं. आई तांदळाची धूळ लागलेल्या हातांनी बाहेर धावली, "अगं कार्टे, काय बोलतेस हे! जीभ झडली नाही तुझी?" तिचा हात माझ्या तोंडापर्यंत आला होता. दादा तिच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. 

"हो," तो म्हणाला. "वाटतंय."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. आईचा हात तसाच हवेत. मला वाटलं, ही आता कोसळणार, नाहीतर मला मारणार. तिनं हात खाली घेतला, पदराला पुसला. मग गुडघ्यावर हात रेटत, हळूहळू, ती त्याच्या शेजारी दिवाणावर बसली. ताप आलेल्या पोराला विचारावं तसं तिनं त्याला विचारलं,

"कधीपासून?"

आणि दादा सांगायला लागला.